दागिन्याची पाठ आणि संगणकाचा सांधा

[संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान]



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी आपल्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम अंमळ संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, शिक्षण, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने माझा विषय अगदीच किरकोळ. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक घ्यावा, त्याचा वेग वाढविणारा एक तळहाताएवढा बोर्ड स्वतःच्या हातांनी एकेक सांधा झाळून तयार करावा, आणि ते यंत्र पुन्हा चालते करावे, एवढाच हा उद्योग. यात अर्थप्राप्ती नाही आणि लौकिकही नाही. तथापि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी बागेसरी होती, फुंकणी होती, टाकणखाराची डबी होती. डाख देणे म्हणजे काय हे ज्या घरांत कोणी कोणास समजावून सांगत नसे, त्या घरांतील मंडळींना माझी हकीकत अगदीच परकी वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.

प्रथम त्या यंत्राची ओळख करून देतो. कमोडोर या अमेरिकन कंपनीने २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 'अमिगा' नावाचा संगणक लोकांपुढे मांडला. त्याच्या रचनेचे प्रमुख श्रेय जे मायनर या अभियंत्याकडे जाते. १९८७ साली त्याची स्वस्त, घरगुती आवृत्ती 'अमिगा ५००' या नावाने निघाली आणि इंग्लंड-जर्मनीतील घराघरांत पोहोचली. कळफलकाच्या पेटीतच सारे यंत्र सामावलेले, ५१२ किलोबाइट स्मृती, आणि चित्र व ध्वनी यांसाठी वेगळ्या खास चिपा. आपल्याकडे त्याचा प्रसार फारसा झाला नाही. १९८४ साली सरकारच्या 'क्लास' योजनेखाली काही शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक मिळाले होते. त्या काळी शाळेत असलेल्यांना तशा यंत्रांचे स्मरण असेल. अमिगा हा त्यांच्या पुढच्या पिढीचा.

मी १९८६ साली नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलो. १९८९ च्या नाताळात, मुलगी दहा वर्षांची असताना, ३९९ पौंड मोजून तिच्यासाठी अमिगा ५०० आणला. आमच्या मिळकतीच्या मानाने तो खर्च लहान नव्हता. खेळ तर ती खेळेच. परंतु तिला खरा नाद लागला तो चित्रांचा. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक आकृती आहे. तिच्या कडेचा कोणताही तुकडा मोठा करून पाहावा तो त्यात नवनवी वेलबुट्टी उमटत जाते. अशी एक आकृती काढावयास सांगून आम्ही रात्री निजावे आणि सकाळी उठून पाहावे, तेव्हा ती पुरी झालेली असे. एकदा मुलीने विचारले, "बाबा, हे इतके हळू का?" मी म्हटले, "याला वेग देणारा बोर्ड मिळतो. पुढल्या वर्षी घेऊ." ते पुढले वर्ष आले नाही. बोर्डाची किंमत यंत्राहून अधिक होती आणि घरात दुसरे खर्च होते. १९९४ च्या एप्रिलमध्ये कमोडोर कंपनीचेच दिवाळे निघाले. यंत्र माळ्यावर गेले, मुलगी मोठी झाली, आणि माझे आश्वासन तसेच राहिले.

आता ते यंत्र हळू का, हे थोडक्यात सांगतो. अमिगाच्या मध्यभागी मोटोरोला कंपनीचा ६८००० हा प्रोसेसर आहे. हा १९७९ सालचा, चौसष्ट पायांचा. युरोपातील अमिगात त्याच्या घड्याळाचे एका सेकंदास सुमारे ७१ लाख ठोके पडतात. एवढ्या ठोक्यांत तो पुष्कळ काम करू शकेल, परंतु त्याची स्मृती चित्र-ध्वनीच्या चिपांशी सामाईक आहे. एखाद्या पेढीत चार कारागीर आणि तराजू मात्र एकच असावा, तशी ती स्थिती. कारागिराचा हात कितीही जलद असो, तराजू मोकळा होईपर्यंत त्याने थांबलेच पाहिजे. म्हणून नुसता जलद प्रोसेसर बसविला तर अपेक्षेइतका लाभ होत नाही. त्याला त्याचा स्वतंत्र तराजू, म्हणजे बोर्डावरच वेगळी जलद स्मृती द्यावी लागते. १९८७ सालचा ६८०३० हा प्रोसेसर एकावेळी सोळाऐवजी बत्तीस बिटे हाताळतो, आणि सूचना व माहिती यांसाठी २५६-२५६ बाइटांचे दोन लहान कप्पे आपल्या पोटातच बाळगतो. सेकंदास पाच कोटी ठोक्यांपर्यंत चालणारे त्याचे प्रकार निघाले.

यातही एक अडचण आहे. नवा कारागीर जुन्या पेढीत बसवावयाचा, तर त्याला पेढीचे रिवाज कळले पाहिजेत. अमिगात कळफलक, फ्लॉपी इत्यादींवर देखरेख करणाऱ्या दोन चिपा आहेत. त्या 'ई' नावाच्या एका संथ ठोक्यावर चालतात. हा ठोका जुना ६८००० स्वतः पुरवीत असे, मूळ घड्याळाच्या दहा ठोक्यांस एक. ६८०३० ला ही रीतच ठाऊक नाही. म्हणून बोर्डावर एक प्रोग्राम करता येणारी चिप बसवितात. ती दुभाष्याचे काम करते: जुना ठोका निर्माण करते, नव्या प्रोसेसरला थांबावयास सांगते, स्मृतीची दारे उघडते व मिटते. बोर्डाचे सारे कौशल्य या दुभाष्यात साठलेले असते.

असे बोर्ड घरी बनविण्याची कल्पना आजची नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीसच ब्रॅड फाउल्स यांनी 'लुकास' नावाच्या बोर्डाचा आराखडा खुला केला होता. त्यात ६८०२० हा प्रोसेसर आणि ६८८८१ हा गणिताचा सहायक होता. ज्याला हवे त्याने सुटे भाग आणून तो झाळून घ्यावा. गेल्या काही वर्षांत ही परंपरा पुन्हा जोराने सुरू झाली. 'टेरिबल फायर' या नावाने प्रसिद्ध झालेल्या आराखड्यांनी ६८०३० चे बोर्ड सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. आराखड्याची फाइल कारखान्यास पाठवावी, कोरे बोर्ड छापून यावेत, चिपा ठिकठिकाणांहून जमवाव्यात आणि पुढील काम स्वतःच्या टेबलावर करावे, असा हा क्रम आहे.

२०१२ साली मी पुण्यास परतलो, तेव्हा सामानाबरोबर तो अमिगाही आला. निवृत्तीनंतर, २०१९ साली, मी त्याची पेटी उघडली. स्मृतीच्या जोडबोर्डावरील बॅटरी फुटून तिच्या क्षाराने तांब्याच्या रेषा हिरव्या झाल्या होत्या. प्रथम ते व्हिनेगरने पुसून निर्मळ केले आणि मग बोर्डाच्या कामास लागलो. आता मला एक कबुली दिली पाहिजे. मी जन्मभर अभियंता म्हणून मिरवलो खरा, पण माझे सारे काम कागदावरचे. हाती सोल्डरिंगचे आयर्न धरून मी सलग तासभर कधी काम केले नव्हते.

त्यास कारणही आहे. माझे वडील सोनारकाम करीत. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी आली. त्या वेळी कारागिरांच्या घरांत काय झाले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस मी सांगावयास नको. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांनी फुंकणी आणि चिमटे एका कापडात बांधून फडताळात ठेवले, आणि मला म्हणाले, "तू हातात पेन धर. हे धरू नकोस." मी त्यांचे ऐकले. त्यात माझे हितच झाले, हे कृतज्ञतेने सांगतो. परंतु त्यांच्या बोटांत जे ज्ञान होते ते माझ्यापर्यंत पोहोचले नाही, हेही तितकेच खरे.

काम पुढीलप्रमाणे होते. ६८०३० च्या चौरस चिपेस चार बाजूंनी मिळून १३२ पाय असतात, आणि दोन पायांच्या मध्यांतील अंतर मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. दुभाष्या चिपेचे पाय त्याहून दाट, अर्ध्या मिलिमीटरवर. चिप बोर्डावर ठेवावी, खुणेचा ठिपका योग्य कोपऱ्यात आहे हे दोनदा पाहावे, समोरासमोरचे दोन कोपरे एकेका थेंबाने अडकवावेत, आणि भिंगातून पाहून सर्व पाय आपापल्या तांब्याच्या पट्टीवर बसले आहेत याची खात्री करावी. मग पायांवर फ्लक्स पसरावा. आपल्याकडे सोन्याला टाकणखार लावीत आणि कल्हईला नवसागर. येथे राळेपासून केलेला फ्लक्स असतो. काम तिन्हींचे सारखेच: धातूवरचा मळ दूर करणे आणि वितळलेल्या डाखाला वाट करून देणे. आयर्नच्या टोकालाही प्रथम कल्हईच करावी लागते, नाहीतर उष्णता पुढे सरकत नाही. नंतर टोकावर थोडेसे सोल्डर घेऊन ते पायांच्या रांगेवरून सावकाश ओढीत न्यावे. फ्लक्स पुरेसा असेल तर डाख ज्याच्या त्याच्या जागी बसतो. दोन पाय एकमेकांस चिकटलेच, तर तांब्याची विणलेली पट्टी लावून जादा सोल्डर शोषून घ्यावे.

मी ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर वापरले. या मिश्रणाचा गुण असा की ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व एकदम गोठते. मध्ये लगद्यासारखी अवस्था येत नाही, म्हणून सांधा हलून बिघडण्याची भीती कमी. युरोपात जुलै २००६ पासून बहुतेक नव्या विद्युत् उपकरणांत शिशावर निर्बंध आहेत. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे उष्णता लागते. शिसे विषारी आहे हे विसरू नये. काम करताना काही खाऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि राळेचा धूर छातीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी किंवा पंख्याने तो बाहेर काढावा.

तीन आठवड्यांनी बोर्ड पुरा झाला. वीज देण्यापूर्वी पाच व्होल्टची वाट आणि जमीन यांचा कोठे संयोग झालेला नाही हे मीटरने तपासले. जुना प्रोसेसर सॉकेटातून दोन्ही टोकांनी थोडाथोडा उचलून काढला व त्या जागी बोर्ड बसविला. यंत्र सुरू झाले! मी घरातील मंडळींस हाक मारली. दहा मिनिटांत ते थिजले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थिजले. पुढचे दोन महिने मी सर्व दोष माझ्या झाळकामाला देत होतो. अखेरीस एकाने सुचविले की कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून प्रोसेसरच्या पाठीवर फिरवा. फिरविला, तो "५०" हा आकडा बोळ्यावर आला! कमी वेगाच्या जुन्या चिपेची पाठ घासून, वर नवा रंग देऊन ती अधिक वेगाची म्हणून मला विकली होती. हीन कसाच्या सोन्यावर मुलामा देऊन विकावे त्यातलाच हा प्रकार. माझ्या वडिलांनी कसोटीच्या दगडाशिवाय एक गुंज सोने कधी घेतले नाही. मी मात्र छापील आकडा पाहून पैसे मोजले.

दुसरी चिप पारखून आणली. पहिली उतरविताना बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्या उखडल्या, म्हणून नवा बोर्ड पहिल्यापासून झाळला. या खेपेस यंत्र थिजले नाही, पण स्मृतीची तपासणी नापास होऊ लागली. एका जागी लिहिलेला आकडा भलत्याच जागीही उमटे. येथे मला एक गोष्ट उमगली, ती आपणांसही रंजक वाटेल. घराच्या क्रमांकातील एखादा आकडा पोस्टमनला दिसतच नसेल, तर दोन घरांची पत्रे तो एकाच घरात टाकील. स्मृतीचेही तसेच. पत्ता सांगणाऱ्या तारांपैकी एक जरी जोडलेली नसली तरी दोन जागा एकच होऊन बसतात. कोणत्या जागांची अशी गल्लत होते त्यांतील अंतर मोजले की कोणती तार तुटलेली आहे हे गणिताने निघते. मी ते काढले आणि भिंग त्या पायावर नेले. सांधा वरून चकचकीत, उत्तम दिसत होता. सुईच्या टोकाने हळूच ढकलला, तर पाय हलला! डाख पायाला लागला होता, पण खालच्या तांब्याला लागलाच नव्हता. त्या संध्याकाळी मी थकलो होतो, आणि ती बाजू 'दिसते आहे ठीक' म्हणून सोडून दिल्याचे मला स्पष्ट आठवले.

तो क्षण मी विसरणार नाही. वडील कोणताही दागिना हाती आला की प्रथम तो उलटा करून त्याची पाठ पाहात. ते म्हणत, पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि पाठ कारागिराची असते. लहानपणी मला हे वाक्य नुसते चमत्कारिक वाटे. त्याचा अर्थ मला चौसष्टाव्या वर्षी, एका सुईच्या टोकावर कळला.

तो पाय पुन्हा झाळला. स्मृतीची तपासणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी एकही चूक नव्हती. मग मुलीची जुनी फ्लॉपी घालून तीच आकृती काढावयास सांगितले. पूर्वी रात्र घेणारे चित्र सुमारे पाऊण तासात पुरे झाले. मुलगी इंग्लंडमध्येच असते. तिला दूरध्वनीवरून पडदा दाखविला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आता बोर्ड उलटा करून दाखवा." आजोबांची सवय मी तिला कधीकाळी सांगितली होती, आणि ती तिच्या ध्यानात राहिली होती.

कोणी विचारील, आणि तसे पुष्कळ विचारतातही, की हा खटाटोप कशास? आज खिशातील दूरध्वनी त्या यंत्राहून हजारो पटींनी सामर्थ्यवान आहे. शिवाय क्लॉड श्वार्त्स यांनी 'पायस्टॉर्म' नावाचा बोर्ड काढला आहे. त्यात प्रोसेसरच्या जागी रास्पबेरी पाय हा लहान संगणक बसवितात. तो जुन्या प्रोसेसरची नक्कल करून माझ्या बोर्डाला सहज मागे टाकतो, आणि खर्चही कमी येतो. हे सर्व मला मान्य आहे. ज्यास केवळ वेग हवा त्याने तोच मार्ग धरावा, त्यात कमीपणा नाही. परंतु मला वेगाची गरज नव्हती. दिलेला एक शब्द पुरा करावयाचा होता. तो करताना असे आढळले की ज्या वस्तूचा प्रत्येक सांधा आपण स्वतः झाळला आहे, तिच्या बिघाडाचे खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही. चिप खोटी निघाली, तेव्हा ती न पारखता घेणारा मीच होतो. सांधा कच्चा राहिला, तेव्हा तो पाहूनही सोडणारा मीच होतो. जन्मभर कागदावर आराखडे करताना असा निवाडा माझ्या वाट्यास कधी आला नव्हता.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपली मुले विद्या संपादन करीत आहेत, दूरदेशी जात आहेत, ही समाधानाची गोष्ट. त्यांना पुन्हा बागेसरीपुढे बसवावे असे मी म्हणत नाही. ज्यांनी ते कष्ट सोसले त्यांनीच आपणांस त्यातून बाहेर काढले. परंतु वर्षातून दोन-चार रविवार तरी मुलामुलींच्या हाती आयर्न द्यावे. प्रथम दिवा लुकलुकविणारा लहानसा संच घ्यावा, मोठ्या पायांचे सुटे भाग असलेला. पहिल्याच दिवशी अर्ध्या मिलिमीटरच्या पायांना हात घालू नये. जवळ जाणता माणूस बसावा, लहान मुलांना शिसेविरहित सोल्डर द्यावे. आणि काम पुरे झाल्यावर दिवा लागला की नाही एवढेच न पाहता बोर्ड उलटा करून पाहावयास शिकवावे.

वडिलांची फुंकणी आता माझ्या टेबलावर, आयर्नच्या शेजारी असते. तिचा उपयोग मला करता येत नाही. पण काम संपले आणि उठावेसे वाटू लागले की तिच्याकडे नजर जाते, आणि मी पुन्हा एकदा भिंग उचलतो.